कमलेशच्या डोक्यावरचा मजला

मोहाडीत तहसील कार्यालयाकडून बाजाराकडे जाताना रस्त्याच्या दोन्ही अंगांना दोन कृषी केंद्रं लागतात आणि दोन्ही पाट्यांवर आडनाव एकच, रहांगडाले. डावीकडचं दुकान थोरल्या भैय्यालालचं, उजवीकडचं धाकट्या कमलेशचं. एखादं नवं गिऱ्हाईक भैय्यालालला सहज विचारून बसायचं, "ते समोरचं बी तुमचंच का, शेठ?" त्याला धानाचं बियाणं मिळायचं, पण काहीतरी कडू ऐकूनच ते पायरी उतरायचं.

भैय्यालाल मुळातच तिखट माणूस. तरुणपणी त्यानं सायकलच्या कॅरियरला पोतं बांधून आठवडी बाजारात भाजीचं बी विकलं, मग टपरी टाकली, मग दुकान उभं केलं. बाप लवकर गेला. कमलेशला त्यानंच शिकवलं, त्यानंच गल्ल्यावर बसवलं, त्याचं लग्नही त्यानंच लावून दिलं. आणि हे सगळं तो रोज, भर दुकानात, चार माणसांसमोर बोलूनही दाखवायचा. "याले पोतं बांधता नव्हतं येत. मीनं मारून मारून शिकवलं." कमलेशनं हे कित्येक वर्षं मान खाली घालून ऐकलं. एका उन्हाळ्यात तो गल्ल्यावरून उठला आणि पाऊस लागायच्या आत समोरच्या गाळ्यात दुकान थाटून बसला. तेव्हापासून दोघा भावांत शब्द नाही.

दोघांकडे एकाच खत कंपनीची एजन्सी होती. यंदा दोघांनीही भरपूर माल खपवला आणि कंपनीनं दोघांनाही बायकोसह जहाजाची सहल दिली. मुंबईहून निघायचं, समुद्रात फिरून परत मुंबईला यायचं. कंपनीचा माणूस अनुप, नागपूरचा पोरगेला गडी, जहाजाचा रंगीत नकाशा घेऊन आला आणि त्यानं तो काउंटरवर पसरला.

"शेठजी, हे पाहा, डेक म्हणजे मजले. खालच्या मजल्यावर बंद खिडकीच्या खोल्या. हा सगळ्यात वरचा, इथं बाल्कनी. तुम्ही म्हणाल तो."

भैय्यालालनं नकाशाकडे पाहिलंच नाही. "त्यानं कोणता घेतला?"

"कोणी?"

"समोरच्यानं."

अनुप हसला. "त्यांना अजून विचारायचं आहे."

"मंग लिहून घे. तो ज्या मजल्यावर राहीन, त्याच्या वरचा मले."

दुकानामागंच घर होतं. भैय्यालालची बायको सीताबाई चहा घेऊन आली होती, ती तिथंच थांबली. "अवो, मले साधं एसटीत मळमळते. खालचाच घ्या ना."

"काकू बरोबर म्हणतात," अनुप म्हणाला. "खाली, जहाजाच्या मधोमध हलणं कमी लागतं. वर आणि टोकाला जास्त."

"तुले विचारलं कोनी?" भैय्यालाल त्याच्यावर खेकसला, मग बायकोकडे वळला. "आन् तू आत जाय. त्याच्या पायाखाली राहाले चालली मोठी."

सगळ्यात वरचा मजला, अगदी पुढच्या टोकाची खोली, असं नक्की झालं. अनुप रस्ता ओलांडून समोर गेला. परत आला तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता.

"काय म्हणाला तो?"

"काही नाही, शेठजी. खालचा मजला घेतला त्यांनी."

"म्हणाला काय, ते सांग."

अनुपनं नकाशाची घडी घातली. "म्हणाले, त्याले डोक्यावर बसायची सवय हाय, बसू द्या."

भैय्यालालनं समोर पाहिलं. कमलेश गिऱ्हाइकाला पिशवी देत होता. त्यानं मान वर केली नाही. त्या दिवशी भैय्यालाल जेवला नाही, आणि दोष सीताबाईनं रांधलेल्या भाताचा आहे असं तिला ऐकवलं.

दिवाळीनंतर सहल निघाली. बंदरावर रांगेत कमलेशची बायको रिता पुढं झाली आणि सीताबाईच्या पाया पडली. "बऱ्या हाय ना, बाई?" सीताबाईनं तिच्या डोक्यावर हात ठेवला न ठेवला तोच भैय्यालालनं बायकोच्या हातातली बॅग ओढली. "चल. लिफ्ट भरून जाईन."

वरची खोली खरोखरच राजेशाही होती. बाल्कनीत उभं राहून भैय्यालालनं स्वतःचे फोटो काढले आणि डीलर लोकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकले. खाली लिहिलं, सबसे ऊपर. कमलेश त्याच ग्रुपवर होता.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून समुद्र बिघडला. दूर कुठंतरी वादळ होतं, इकडे नुसत्या उंच लाटा येत होत्या. जहाजाचं टोक वर जायचं आणि धाडकन खाली यायचं. न्हाणीघराच्या दाराशी बसून सीताबाई ओकत होती.

"मन घट्ट कर," भैय्यालाल म्हणाला. "सारं मनाचं असते."

"खोली बदलून मागा न. मले सहन नाई होत."

"इथंच राहाचं. मी नाश्ता करून येतो."

तो पोहे खाऊन, दोन डीलरांना बाल्कनीचं वर्णन ऐकवून परत आला, तर खोली रिकामी. झाडणाऱ्या पोऱ्यानं सांगितलं, मॅडम भिंतीला धरून लिफ्टकडे चालल्या होत्या, खालच्या मजल्यावरची एक बाई भेटली, ती त्यांना घेऊन गेली.

भैय्यालाल पलंगावर बसला. शेवटी त्यानं खोलीतला फोन उचलला आणि कमलेशची खोली जोडून मागितली. पलीकडून कमलेशचा आवाज आला.

"हॅलो."

इतक्या वर्षांनी तो आवाज कानाशी आला, तरी भैय्यालालनं त्याचं नाव घेतलं नाही. "सीता तिथं हाय?"

"हायेत. झोपल्या."

"वर पाठव तिले."

"उठल्या की विचारतो. यायचं म्हणल्या त येतीन. नाई त तुमी या घ्यायले."

"मी? तुया दारात?"

"मंग नका येऊ," कमलेश म्हणाला आणि फोन ठेवला.

दुपारी भैय्यालाल लिफ्टनं खाली उतरला. कुणी पाहिलं तर रस्ता चुकलो म्हणायचं, हे त्यानं आधीच ठरवलं होतं. खालचा बोळ अरुंद होता, पण पाय स्थिर पडत होते. कमलेशच्या दाराशी तो पोहोचला, तेव्हा आतून सीताबाईचं हसणं ऐकू आलं. रिता काहीतरी सांगत होती आणि सीताबाई हसत होती, तोंडावर पदर धरून हसावं तसं नव्हे, मोकळं. आपल्यालाच हसत असणार, याबद्दल भैय्यालालला तिळमात्र शंका वाटली नाही. दारावर थाप मारायला उचललेला हात त्यानं खिशात घातला आणि तो परत वर गेला.

संध्याकाळी कंपनीचा कार्यक्रम होता. जोडप्यांना बोलावून शाल देत होते. भैय्यालाल एकटाच मंचावर चढला.

"वहिनी?" कंपनीच्या साहेबांनी विचारलं.

"तब्येत बरी नाई. झोपून हाय."

सभागृहात कुणीतरी फिसकन हसलं. भैय्यालालनं वळून पाहिलं. मागच्या रांगेत रिताच्या शेजारी सीताबाई दहीभात खात बसली होती. तिनं त्याच्याकडे पाहिलं आणि पुढचा घास घेतला.

तिनं परतीपर्यंतचा मुक्काम खालीच केला. मुंबईत उतरल्यावर स्टेशनवर गाडीची वाट पाहताना भैय्यालालच्या तोंडाचं झाकण उघडलं.

"पंचक्रोशीच्या डीलरांत नाक कापलं माह्यं. ज्यानं घर फोडलं, त्याच्या खोलीत जाऊन लोळली!"

"मी ओकून राहिली होती तवा तुमी पोहे खायले गेले होते."

"म्हणून तिथं जाचं?"

"मंग कोठं जाचं? समुद्रात?" सीताबाईचा आवाज चढला नव्हता, त्यामुळे तो जास्तच लागत होता. "आन् घर त्यानं फोडलं का? दुकानात तुमी त्याले काय काय बोलत होते, ते मीनं मागच्या दारातून सारं ऐकलं हाय. त्यानं लय दिवस काढले. मी अजून काढून राहिली."

"एवढंच हाय त तिकडंच राय जाऊन!"

"तुमचा भात कोन रांधन म्हणून येऊन राहिली. दुसरं काई कारण नाई."

भैय्यालालनं हात उगारला नाही, पण त्याला तो उगारावासा वाटला, आणि ते तिला दिसलं. गाडी आली. भंडारा रोडला उतरताना सीताबाईनं आपली बॅग स्वतःच उचलली.

आता दुपारी गिऱ्हाईक ओसरलं की सीताबाई हात पुसत दुकानातूनच बाहेर पडते, रस्ता ओलांडते आणि कमलेशच्या पायऱ्या चढून आत रिताकडे जाते. लपूनछपून नाही, उजेडात, अख्ख्या बाजारासमोर. कमलेश उठून तिला वाट देतो. भैय्यालालनं पहिल्या दिवशी शिव्या दिल्या, दुसऱ्या दिवशी चहा भिंतीवर फेकला. सीताबाई भिंत पुसून मग समोर गेली.

मग एका ढगाळ दुपारी त्यानं नोकराला सांगितलं, "शटर अर्धं खाली घे. ऊन येऊन राहिलं."

नोकरानं आभाळाकडे पाहिलं आणि शटर ओढलं. सीताबाई आतून आली, कमरेत वाकली, शटरखालून बाहेर पडली आणि समोर चालू लागली.