कॅसेटमधला गळा कोणाचा

थोरल्या बाई गेल्या त्याला वर्ष होत आलं, तेव्हा त्यांच्या मुलाने जीवनपरिचयाचं काम माझ्याकडे दिलं. आमच्यात पहिल्या स्मृतिदिनाला विहारात माणसाचा जीवनपरिचय वाचतात. साध्या माणसाचा पाच मिनिटांत आटपतो. ह्या बाई गायिका होत्या. जयंतीच्या महिन्यात त्यांच्या गायन पार्टीला बीडपासून परभणीपर्यंत सुपाऱ्या असत. त्यांचं एक गाणं तर आजही रिक्षात, लग्नात, मिरवणुकीत वाजतं. लोक त्यांना त्या गाण्यावरूनच ओळखतात.

गल्लीत मांडव असो की जेवणावळ, यादी करायची ती मीच. त्यामुळे हेही काम मी तसंच घेतलं. जन्म कुठे, पहिला कार्यक्रम कुठे, पार्टी कधी उभी राहिली, कॅसेट कधी निघाली. प्रत्येकाचं उत्तर वेगळं. इंटरनेटवर त्यांचा जन्म बीडचा आहे. खरं म्हणजे धारूरकडच्या वस्तीवरचा. कोणीतरी लिहिताना त्यांना संगीत विद्यालयात घातलेलं. बाई चौथीनंतर शाळेतच गेल्या नव्हत्या. एकेक खोडत मी कच्चा मजकूर तयार केला आणि घरच्यांनी तपासावा म्हणून त्यांच्याकडे गेले.

ओसरीवर थोरल्या बाईंची धाकटी जाऊ शेंगा फोडत बसली होती. दोघी जावा एकाच पार्टीत. थोरली पुढे, धाकटी कोरसला. मुलगा प्राथमिक शिक्षक आहे. त्याच्यासमोर मी वाचत होते. त्या प्रसिद्ध गाण्याच्या कॅसेटचं साल आलं, तशी धाकटीने मान वर केली.

"त्या साली ती बाळंतीण व्हती की. औरंगाबादला रेकॉर्डिंगला मी गेलते."

"काकी, पुन्हा सुरू नको करू," मुलगा म्हणाला.

"कावून नको? ताई खरं लिवायला बसल्यात ना?"

मी मुलाकडे पाहिलं. काकी खोटं बोलते, असं काही तो म्हणाला नाही. "आईने ते गाणं आयुष्यभर स्टेजवर गायलं, ताई. आमचं शिक्षण त्याच्यावर झालं. ते आईचंच आहे."

ऐकीव गोष्ट मी लिहीत नाही. पार्टीचा ढोलकीवाला मांजरसुंब्याला राहतो, त्याला जाऊन भेटले. म्हातारा हसायला लागला.

"धाकटीच व्हती. कॅसेटवाल्याला पार्टीचं नाव पाहिजे व्हतं, बाई कोन्ती का असंना. पार्टी थोरलीच्या नावाची, मंग कॅसेटवर तिचंच नाव आन् तिचाच फोटू. आमी काय म्हणनार? सुपारी आली म्हंजी झालं."

"थोरल्या बाई काही बोलल्या नाहीत?"

"बोलायची की घरात. 'गळा तुझा, नाव माझं, भांडी दोघींची,' म्हणायची. दोघी हसायच्या."

हसणारी एक गेली होती. दुसरीच्या साक्षीला आता एवढा एक म्हातारा उरला होता, आणि त्यालाही ऐकायला कमी येत होतं. परत आले तेव्हा धाकटीने एवढंच विचारलं, "सांगितलं का त्यानं?" मी हो म्हणाले. ती उठून आत गेली.

स्मृतिदिनाला त्रिसरण-पंचशील झालं आणि मी वाचायला उभी राहिले. थोरल्या बाईंचं सगळं नीट मांडलं होतं. त्यांचे कष्ट, पार्टी बांधताना खाल्लेले टोमणे, तान्हं लेकरू मागे पडद्याआड ठेवून गायलेली रात्र. मग ती ओळ आली : मूळ कॅसेटमधला आवाज त्यांच्या धाकट्या जाऊबाईंचा असून पुढे हे गाणं थोरल्या बाईंनी गावोगाव नेलं. दोघींचं श्रेय दोघींना. मला वाटलं, हिशेब चोख झाला.

विहारात कुजबुज झाली. पुढच्या रांगेतले एक गृहस्थ म्हणाले, "असं हाय तर म्हणू द्या की दोन वळी. आमी बी ऐकू."

वाईट हेतू नव्हता त्यांचा. माईक हातोहात धाकटीकडे गेला. तिने पदर सावरला, डोळे मिटले आणि सुरुवात केली. पहिली ओळ कशीबशी उभी राहिली. दुसरीला गाणं एकदम वर चढतं, लोक टाळी देतात ती जागा. तिथे आवाज फाटला. तिने पुन्हा घेतलं, पुन्हा फाटला. चुलीचा धूर, मिश्री, वय, कितीतरी वर्षं बंद असलेलं तोंड. मी हे सगळं आधी का मोजलं नाही, कोण जाणे.

"बसा आजी, राहू द्या," पुरुषांच्या बाजूने कोणीतरी मायेने म्हणालं. एक-दोघं हसली.

मुलाने मोबाइल माईकला लावला आणि तेच गाणं सुरू केलं. वीस-बावीस वर्षांच्या बाईचा स्वच्छ, धारदार गळा विहारभर पसरला. सगळे टाळ्या धरून गायला लागले, बायांनी डोळे पुसले. समोर थोरल्या बाईंचा हार घातलेला फोटो होता. धाकटी खाली बसून जमिनीकडे बघत होती.

दुसऱ्या दिवशी मुलगा माझ्या घरी आला. त्यांच्या घरासमोर फलक लावायचा होता, त्यावर हाच परिचय हवा होता. "फक्त ती ओळ काढा, ताई. आधीच लोक काय काय बोलाय लागलेत." मी नाही म्हणाले. त्याने दुसऱ्याकडून लिहून घेतलं. फलक लागला. गाणं थोरल्या बाईंच्या नावावर आहे.

महिनाभराने मी धाकटीला भेटले. तिच्यात राग नव्हता. "तुमी लिवलं त्ये खरंच हाय, ताई," ती म्हणाली. "पर आदी मी निस्ती गप व्हते. आता खोटी झाले. पानी भराय गेलं तर बाया म्हनत्यात, मेल्या मान्साचं बी सोडलं न्हाई."

मी बायांना सांगेन म्हणाले. तिने हातानेच नको म्हटलं.

यंदा जयंतीच्या मिरवणुकीत मुलांनी गाडी त्यांच्या दारात थांबवली आणि थोरल्या बाईंना मानवंदना म्हणून ते गाणं लावलं. मी आत धाकटीपाशीच बसले होते. पहिल्या ओळीलाच ती उठली आणि दाराला आतून कडी घातली. पत्र्याचं दार स्पीकरने थरथरत होतं. तिने माझ्यासाठी चहा टाकला.