स्नेहलचा स्पॉन्सर

सिंकखाली कॅरीबॅगा साठतात ना, तसे माझ्याकडे स्पॉन्सरशिपचे किस्से साठलेत. एक ओढला की चार बाहेर पडतात! लोक म्हणतात, "वर्षा, तू रंगवून सांगतेस." नाही हो! रंगवायला जागाच ठेवली नाही या लोकांनी.

ग्लासगोपासून बसने दोन तासांवरच्या गावात आम्ही राहतो. नवरा इथल्या हॉस्पिटलात डॉक्टर, मी त्याच्या व्हिसावर. मी एका केअर कंपनीत रोटा लावायचे, म्हणजे कोणत्या आजीकडे किती वाजता कोण जाणार ते ठरवायचे. म्हाताऱ्यांच्या घरी जाऊन त्यांना आंघोळ घालायची, जेवण-गोळ्या द्यायच्या, या कामाला गावात माणूस मिळेना. म्हणून आमचे डायरेक्टर, डेव्हिड, यांनी भारतातून माणसं स्पॉन्सर केली. स्पॉन्सर केलं म्हणजे व्हिसा नोकरीला बांधलेला. नोकरी गेली की व्हिसाही जातो.

त्यातली पहिली आली नागपूरची स्नेहल. नवरा वारलेला, सोबत सहा वर्षांची इरा.

*

व्हिडिओवरच्या इंटरव्ह्यूत डेव्हिडने तिला विचारलं होतं, "डू यू ड्राइव्ह?"

"येस सर! नऊ वर्षं, रोज, भर ट्रॅफिकमध्ये!"

पहिल्या दिवशी मी तिच्या हातात कंपनीच्या गाडीची किल्ली दिली. तिने गाडीभोवती एक चक्कर मारली, काचेतून आत डोकावली आणि पांढरीफटक पडली.

"ताई, मी स्कूटी चालवायची हो!"

मी डोक्याला हात लावला. पुढचे चार महिने तिचा रोटा मी पायी जाण्याच्या हिशोबाने लावला. बिचारी पावसात मेंढ्यांची फाटकं उघडत हिंडायची. पण पठ्ठी टेस्ट पास झाली. तीसुद्धा पहिल्या झटक्यात!

*

राहायला कंपनीनेच खोली दिली होती. एकदा डेव्हिड न सांगता बघायला आला. भिंतीवर स्नेहलने नागपूरहून आणलेला फोटो होता. निळा सूट, टाय, चष्मा. कुणाचा ते मी सांगायला नको.

डेव्हिड फोटोच्या जवळ गेला. मग हळूच म्हणाला, "हा तुझा वकील आहे का?"

"येस सर," स्नेहल म्हणाली, "आमच्या सगळ्यांचेच. बॅरिस्टर."

दोन दिवसांत खोलीतला बंद पडलेला हीटर बदलून मिळाला! आठ महिने मी त्यासाठी ईमेल करत होते.

*

आता खरा धक्का. होम ऑफिसची, म्हणजे व्हिसा देणाऱ्या इथल्या सरकारी खात्याची, तपासणी आली.

आपल्याकडे इन्स्पेक्टर यायचा म्हणजे काय करतात? खायला करतात. पुण्याचा राहुल, आमचा दुसरा केअरर, सकाळीच पोह्यांचं पातेलं घेऊन ऑफिसात हजर! ऑफिसर बाई नम्रपणे म्हणाल्या, "थँक यू, पण हे मला घेता येत नाही." राहुलला वाटलं, बाई नाराज झाल्या. आता साहेबांची इज्जत आपणच सांभाळायची.

बाईंनी विचारलं, "तुम्ही इथे नक्की काय काम करता?"

"एव्हरीथिंग, मॅडम!" राहुल छाती काढून म्हणाला. "केअर करतो, डायरेक्टरसाहेबांची बाग बघतो, त्यांचं गॅरेज मीच रंगवलं. त्यांच्या आईंचं शॉपिंगही मीच करतो. कधी नाही म्हणत नाही!"

मी टेबलाखालून त्याला लाथ मारली. त्याला वाटलं मी शाबासकी देतेय. त्याने कुत्र्याला फिरवण्याचंही सांगून टाकलं!

बाई शांतपणे सगळं लिहून घेत होत्या. केअररच्या व्हिसावर माणूस आणून त्याला गॅरेज रंगवायला लावायचं नसतं, हे राहुलला सोडून सगळ्यांना माहीत होतं. महिन्याभरात कंपनीचं माणसं स्पॉन्सर करायचं लायसन्स गेलं.

आपल्या पोरांना कामसूपणाच नडला! मला आजही त्या सगळ्याचा राग येतो, पण राहुलचा येत नाही.

*

मग होम ऑफिसचं पत्र आलं. साठ दिवसांत नवा स्पॉन्सर शोधा, नाहीतर देश सोडा. डेव्हिडने सगळ्यांना एकच ईमेल पाठवला, "तुमच्या पुढील वाटचालीस शुभेच्छा." आणि फोन बंद!

राहुलला बर्मिंगहॅमला नोकरी लागली. स्नेहलला कुठेच लागेना. ती रोज अर्ज करायची. समोरचे लोक गोड बोलायचे आणि 'स्पॉन्सरशिप' हा शब्द आला की फोन ठेवायचे.

इरा शाळेतून फॉर्म घेऊन आली. "आई, माझी ट्रिप आहे जूनमध्ये. साइन कर ना."

साठ दिवस मेमध्येच संपत होते. स्नेहलने सही केली आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडली. मला बाहेर ऐकू येत होतं.

*

नव्वदीच्या जीनआजीकडे स्नेहल दोन वर्षं जात होती. आजींनी मला फोन केला. "त्या पोरीला स्पॉन्सर हवाय म्हणे? मग मी करते की! डेव्हनच्या प्राणी-आश्रमातल्या एका गाढवाला मी सहा वर्षं महिन्याला पैसे पाठवून स्पॉन्सर करतेय. फॉर्म पाठव."

मी कसंबसं समजावलं, की माणसासाठी लायसन्स लागतं.

आजी चकित. "गाढवाला तर कोणी विचारलं नाही!"

*

बावन्नाव्या दिवशी एका नव्या केअर कंपनीचा ईमेल आला. तालुक्यापलीकडचंच गाव, लायसन्स नवं कोरं, आणि देशात आधीच असलेल्या केअररना स्पॉन्सर करायला तयार! स्नेहल माझ्या किचनमध्ये लॅपटॉपसमोर बसली. वर इस्त्रीचा ब्लेझर, खाली घरातली सलवार. मी फ्रिजला टेकून, कॅमेऱ्यात दिसणार नाही अशी उभी.

स्क्रीनवर आधी मालकीणबाई आल्या. हसून म्हणाल्या, "माझे मिस्टरही पॅनेलवर आहेत. त्यांना या क्षेत्राचा खूप अनुभव आहे."

आणि शेजारच्या चौकटीत डेव्हिड आला!

डेव्हिडने चष्मा लावला, तिचा अर्ज वरपासून खालपर्यंत वाचला. ओळखीचं एक अक्षर नाही. अनुभव विचारला. ड्रायव्हिंग लायसन्स विचारलं. मग मान वर करून म्हणाला,

"आधीच्या एम्प्लॉयरकडून रेफरन्स मिळू शकेल का?"

आठ दिवस उरले होते. स्नेहलने एकदा माझ्याकडे बघितलं, मग सरळ कॅमेऱ्यात.

"मिळेल ना सर. आत्ता देता, की ईमेल करता?"

डेव्हिडने पेन उचललं.

"ईमेल," तो म्हणाला, आणि लिहून घेतलं.