आवणीची रजा

बोईसरच्या ज्या कंपनीत मी अजून आहे, तिथे ओलं कापड ताणून सुकवायचं लांबलचक मशीन आहे. एका टोकाला कापड आत सोडायला मी, जवळच्याच पाम गावचा. दुसऱ्या टोकाला काढून घ्यायला विक्रमगडच्या पुढल्या डोंगरातला एक गडी. नऊ वर्षं आम्ही असे समोरासमोर उभे होतो. मशीनच्या आवाजात बोलणं ऐकू येत नसे, म्हणून सगळा कारभार हातवाऱ्यांनी. कापडावर नुसता तळहात टेकवून तो ओल राहिलीय का ते सांगायचा.

आवणी, म्हणजे भाताची रोपं लावायचे दिवस आले, की हा पठ्ठ्या काम सोडायचा. रजा नव्हे, सोडायचाच. ठेक्यावरच्या माणसाला रजा कोण देणार? गणपती गेले की परत हजर, नव्या माणसाच्या पगारावर, आणि पिशवीत माझ्यासाठी बांधावरच्या काकड्या. मधल्या काळात मी नव्या लोकांना काम शिकवायचो. शिकले की ते समोरच्या कंपनीत जायचे. मी जाम चिडायचो. पण खरं सांगायचं तर त्यांच्या या उड्यांमुळेच मालकाला सगळ्यांचे पगार वाढवावे लागले. जागचा न हललेल्या मला ती वाढ आयती मिळाली.

एका वर्षी मी मॅनेजरसाहेबांच्या मागे लागून त्याला परमनंट करून घेतलं. घरी फुशारकीही मारली. अट एकच होती, आवणीला जायचं नाही. "एक वर्ष वहिनी बघतील रे," मी म्हणालो. तो कसंनुसं हसला आणि राहिला. त्या पावसात त्याच्या बायकोच्या एकटीच्याने अर्धंच शेत लागलं, अर्धं तसंच पडून राहिलं. हे त्याने मला कधी बोलून दाखवलं नाही. त्याच्या गावच्या दुसऱ्या कामगाराकडून कळलं.

पुढच्या जूनमध्ये तो राजीनामा देऊन गेला. गणपती झाले, दिवाळी झाली, तो आला नाही. मी वेडा, सवयीने त्या टोकाकडे हात हलवायचो आणि तिथला नवा माणूस बुचकळ्यात पडायचा. फार आठवण येते त्याची. सोडून जायची मोकळीक होती म्हणूनच तो दरवर्षी परत येत होता, हे माझ्या टाळक्यात उशिरा शिरलं.

यंदा न राहवून फोन केला. आता तो भात कापून झाल्यावर वापीच्या कंपनीत कामाला जातो, आवणीला घरी येतो.

"परत ये रे. मी बोलतो साहेबांशी."

"नको दादा. तुमी काय बोलू नका." मग म्हणाला, "तुमीच या ना. नऊ वर्सां मी आलो तुमचेकडं. आवणी चालू हाय, मानसां कमी हायेत."

दुसऱ्या दिवशी मी चार दिवसांच्या रजेचा अर्ज दिला. साहेबांनी कारण विचारलं. मी म्हणालो, आवणी. ते हसले, "तुझं शेत कुठंय?" आणि अर्ज परत दिला.

तो माझ्या जागी असता तर त्याच कागदाच्या मागे राजीनामा लिहून दुपारच्या एसटीत बसला असता. मी कागदाची घडी करून खिशात घातली आणि मशीनवर जाऊन उभा राहिलो. आवणी आता उरकली असेल. त्याला फोन करायचा मला अजून धीर झालेला नाही.