डमी उडवलीस का?

विलासकाकांचा आवाज मी डिलीट केला आहे.

एकदा नाही. सात वर्षांत आम्ही केलेल्या प्रत्येक गाण्याच्या वेळी. वर ट्रॅशही रिकामा केला, कारण मी काम अर्धवट ठेवत नाही.

परवा सकाळी काका गेले. आंघोळ करून पेपर घेऊन बसले, आणि गेले.

तेव्हापासून माझ्या फीडवर ‘बडोद्याचा आवाज हरपला’ चालू आहे. खाली जोडलेले हात, मेणबत्त्या.

कुठला आवाज? तुम्ही कधी ऐकलात?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. बडोद्यात, लहरीपुऱ्यात एका साडीच्या दुकानावर आमची छोटी कंपनी आहे. जाहिराती, शाळांची गाणी, मंडळांची गाणी आणि त्यांचे व्हिडिओ. माणसं तीन. किरणभाई मालक आणि कॅमेरा. विलासकाका संगीत. मी एडिटिंग आणि साउंड.

चाल बसली की गायक यायच्या आधी काका अख्खं गाणं स्वतः गाऊन ठेवायचे. ती डमी. गायक हेडफोनमध्ये डमी ऐकत ऐकत गातो. डमीतच काका मध्ये मध्ये बोलून त्याला सूचनाही देऊन ठेवायचे. अंतऱ्याआधी हमखास, “श्वास घे.”

गायकाचं गाऊन झालं की डमी उडवायची. हा नियम काकांचाच.

“डमी म्हणजे मांडवाचे बांबू. लग्न लागलं, उतरवा. उडवलीस का?”

“हो काका.”

“ट्रॅशमधून?”

“हो. दोनदा बघितलं.”

“वा! काळजीवाहू सरकार हजर असताना मला कसली चिंता!”

हे सरकार म्हणजे मी. गॅस बंद केला का म्हणून अर्ध्या जिन्यातून परत जाणारी.

ही सवय घरची. बाबांनी मला घरीच पेटी शिकवली. त्यांचं एकच सांगणं, चूक ऐकू आली की तिथेच थांब, पुढे जाऊ नकोस. मी आयुष्यभर चुका ऐकत आले आणि पुसत आले.

पण गेल्या गणपतीत एक चूक ऐकू आली, आणि मी थांबले नाही.

मांडवीजवळच्या एका मंडळाचं गाणं होतं. अध्यक्ष ऐकायला आले आणि माझ्याकडून घाईत डमीच वाजली. ते डोळे मिटून पूर्ण ऐकत बसले. मग म्हणाले, “आ कोण गाय छे? बहु सरस!”

किरणभाई हसले. “अरे साहेब, ए तो डमी छे. गायक तर अहमदाबादहून येणार आहे.”

काका तिथेच होते. तबल्यावर हातोडी ठोकत होते. ठोकणं थांबलं.

मला म्हणता आलं असतं, किरणभाई, हेच ठेवू या ना. चार शब्द. ते मनात जुळवले, तपासले, पुन्हा तपासले. तोवर विषय बदलला होता.

अध्यक्ष गेल्यावर किरणभाई म्हणाले, “काका, तमारो अवाज जूनो लागे छे. आजकाल चालत नाही.”

काका म्हणाले, “बराबर छे.”

काय बराबर? काका, मला तुमचाही राग आला आहे. तुम्ही एकदा तरी भांडायचं होतं. अहमदाबादच्या गायकाने तुमची एकेक हरकत उचलली, तुम्ही म्हणालात तिथे श्वास घेतला, आणि व्हिडिओच्या शेवटी तुमचं नाव ‘सहकार्य’मध्ये गेलं. ती पाटी मीच टाइप केली होती. स्पेलिंग दोनदा तपासून.

आणि मग तुम्ही खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसलात.

“उडवलीस का?”

काल काकांच्या घरून सुनंदाकाकूंचा फोन आला. “उद्या बेसण्याला लोक भेटायला येतील, तेव्हा फोटोसमोर त्यांच्या आवाजातलं काहीतरी लावायचं आहे गं. माझ्या मोबाईलवर सगळे टाइप केलेले मेसेज. घरच्या व्हिडिओंत हे पेटीवर आणि गातंय भलतंच कुणी. तुझ्याकडे असेलच ना?”

मी म्हटलं, “असेल काकू. बघते.”

सगळ्या हार्ड डिस्क उघडल्या. माझे फोल्डर फार नीटनेटके असतात. एकही डमी नव्हती. जगातली एक तरी आळशी एडिटर काकांच्या वाट्याला यायला हवी होती.

राहिले होते ते फक्त गायकांचे कच्चे टेक. त्या मंडळाच्या गाण्याचा टेक लावला. काही साफ न केलेला, मूळचा.

मुखडा संपला, गायक थांबला. आणि त्या शांततेत, मागे, बारीक, डब्यातून आल्यासारखं,

“श्वास घे.”

गायकाच्या हेडफोनमधून डमी माइकमध्ये गळली होती. आमच्या कामात हा दोष. फायनल करताना मी तो तासन् तास बसून काढते. या गाण्यातूनही काढला होता. कच्च्या टेकला मात्र हात लावला नव्हता.

गायक जिथे जिथे थांबतो, तिथे तिथे काका गात आहेत.

किरणभाईंना सांगितलं तर म्हणाले, “फायनल लाव ना, बेटा. लोकोनी सामे आवुं ना वगाडाय, असलं लोकांसमोर वाजवत नाहीत. कंपनीचं वाईट दिसेल.”

या वेळी मी शब्द जुळवत बसले नाही. “आ ज वागशे, किरणभाई. हेच वाजेल.”

ते म्हणाले, “स्पीकर हुं लई आवीश.” स्पीकर मी आणतो. त्यांच्यावरचा राग गेलेला नाही. पण हे लिहिलं नाही तर खोटं होईल.

आज संध्याकाळी पाच ते सात, काकांच्या घरी बेसणं आहे. मेणबत्त्या टाकणाऱ्यांनी जरूर यावं. पुढे गाणाऱ्या गायकाकडे लक्ष देऊ नका. तो थांबेल तिथे ऐका. मागे एक दोष ऐकू येईल.

तो मी काढलेला नाही.

काका, नाही उडवली.

या मुलीचा तुम्हाला नमस्कार.