घर बघायला येणारा माणूस

आमच्या घरावर 'मकान बेचना है' अशी पाटी लावली तेव्हा इंदूरला राहणारा माझा मुलगा म्हणाला होता, "दिवाळीच्या आत जाईल." दिवाळी गेली, संक्रांतही गेली. जुन्या शहरात, शनवाऱ्याच्या आतल्या गल्लीतलं घर, दारापर्यंत चारचाकी येत नाही. लोकांना आता हायवेकडचे नवे प्लॉट हवेत. दलाल फोनही उचलेनासा झाला. यजमान गेल्यापासून मी तिथं एकटीच राहत होते. शाळेतल्या बाई म्हणून सगळी गल्ली मला ओळखायची, त्यामुळे भीती अशी कधी वाटली नव्हती.

उन्हाळा लागताना एका दुपारी एक माणूस आला. पन्नाशीचा, गळ्यात गमछा, सदऱ्यावर केळीच्या चिकाचे काळे डाग. तुकईथड गावाकडे शेती आहे म्हणाला. इतक्या महिन्यांनी गिऱ्हाईक आलं म्हणून मी लगेच आत घेतलं. पण त्याने ना भाव विचारला, ना खोल्या नीट पाहिल्या. मागच्या दाराची कडी ओढून पाहिली. गच्चीवर जाऊन शेजारच्या भिंतीवरून खाली वाकला.

"इकडून कोणी आत उतरू शकतो का, ताई?"

"नाही हो."

"तुम्ही एकल्याच राहता इथं?"

मी हो म्हणून बसले.

तो गेल्यावर दलालाला फोन लावला. "मॅडम, मी तर कोणालाच भेजलं नाही," तो म्हणाला. मी गच्चीवर जाऊन ती भिंत पाहिली. जरा चपळ माणूस सहज उतरला असता. इतकी वर्षं हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं. दुसऱ्याच दिवशी मागच्या दाराला नवं कुलूप घातलं. पाटी काढून टाकावी असंही मनात आलं. पण मग घर विकणार कसं?

आठवड्याभरात तो पुन्हा आला. या वेळी मी आतल्या खोलीत टीव्ही मोठ्याने लावला होता. त्याला ओसरीतच बसवलं आणि आत तोंड करून म्हटलं, "अहो, तुम्हालाही चहा टाकू का?"

त्याने समोरच्या भिंतीकडे पाहिलं. यजमानांच्या फोटोला हार होता. तो चहा न घेताच उठला.

तिसऱ्यांदा त्याची मोटरसायकल खिडकीतून दिसली तेव्हा मी आधी शेजारच्या वहिनींना बोलावून घेतलं, मगच दार उघडलं. त्याच्या मागे पंचविशीची एक मुलगी उभी होती.

"ही माझी पोरगी," तो म्हणाला. "इथल्या शाळेत नोकरी लागली. एकली राहणार. म्हणून मी तसं विचारत होतो, ताई. त्या दिवशी तुम्ही घाबरलात, माझ्या ध्यानात आलं. काय बोलावं सुचलं नाही."

मुलीने सरळ मला विचारलं, "मावशी, तुम्हाला इथं भीती वाटते का?"

वहिनी माझ्याकडे बघू लागल्या. नाही म्हटलं असतं तर सौदा तिथंच झाला असता.

"घर विकायला काढल्यापासून वाटते," मी म्हणाले. "त्याआधी वाटत नव्हती. ती गच्चीची भिंत मात्र उंच करून घ्या. मी तुमच्या वडिलांना चुकीचं सांगितलं होतं."

बापलेक निघून गेले. हेही गिऱ्हाईक गेलं असं मी धरून चालले. पावसाळ्यात दलालाचा फोन आला, ते घर घेताहेत म्हणून.

रजिस्ट्री झाली त्या दिवशी मुलीने वाकून नमस्कार केला. वडील गवंड्याला घेऊन थेट गच्चीवर गेले. खाली रिक्षात माझं सामान चढत होतं. आता मी इंदूरला मुलाकडे राहायला निघाले होते. तो सातव्या मजल्यावर राहतो. दिवसभर घरात कोणी नसतं, आणि समोरच्या दारामागे कोण राहतं ते त्यालाही ठाऊक नाही. रिक्षा सुरू झाली तेव्हा मी मुलाला फोन लावून विचारलं, "तुझ्या दाराला आतून कडी आहे ना रे?"