आईच्या डब्यातली सवत

नाशिक रोड स्टेशनवर मी आयुष्यात पहिल्यांदा उतरले ती पन्नाशी जवळ आल्यावर. परभणीहून मुंबईला जाताना हे स्टेशन खिडकीतून कितीदा पाहिलं असेल. पण आई बरोबर असली की निफाड गेल्याबरोबर तिच्या पोटात कळ यायची. ती संडासात जाऊन बसायची आणि गाडी नाशिक रोड सोडेपर्यंत बाहेर यायची नाही. आम्ही भावंडं हसायचो.

आई गेली. तेरावा झाल्यावर तिच्या औषधांच्या डब्यात तळाशी गुलाबी कागदाची पुडी सापडली. आत चांदीचा टाक (देवाची ठोकून उठवलेली छोटी मूर्ती). पण ही देवी नव्हती. साधी नऊवारीतली बाई, आणि वर गळ्यात ओवायला कडी. पहिली बायको वारली की दुसरीने तिचा असा टाक गळ्यात घालायचा, रोज हळदकुंकू लावायचं, नवं लुगडं आधी तिला दाखवायचं, ही आमच्याकडची जुनी रीत. सवतीचा टाक. पुडीवर छापलं होतं : सराफ बाजार, नाशिक.

सव्वीस वर्षं दहावीच्या परीक्षेला पर्यवेक्षण केलेल्या बाईला संशय घ्यायला शिकवावं लागत नाही. म्हणजे बाबांना आधी एक बायको होती. ती मेली. आणि मी तिची. लहानपणापासून लोक म्हणतच होते, ही कोणावर गेलीय कोण जाणे. बाबा जाऊन बारा वर्षं झालेली, तेव्हा विचारायचं कोणाला? भावाला शाळेचं काम सांगितलं, खरं फक्त नवऱ्याला सांगितलं, आणि टाक रुमालात बांधून पोलक्याच्या आत पिन लावून निघाले.

स्टेशनबाहेर “शालिमार, शालिमार” असं गावातल्या चौकाचं नाव ओरडणाऱ्या रिक्षात बसले.

“ताई, दर्शनाला का? रामकुंडावर सोडू?” रिक्षावाला म्हणाला.

“नाही.”

“मग सराफ बाजार?”

याला कसं कळलं? मी शालिमारलाच उतरले आणि कोणाला रस्ता विचारायचा नाही असं ठरवून चालू लागले. व्हायचं तेच झालं. अर्ध्या तासाने भर उन्हात थेट नदीच्या पायऱ्यांवर पोचले.

“गंगेवर आलात तुम्ही. सराफ बाजार मागं ऱ्हायला,” फुलवाली म्हणाली. आमच्या गंगाखेडला ऐसपैस पसरणारी ही गंगा, म्हणजे गोदावरी, इथे पायऱ्यांमध्ये अंग चोरून वाहत होती. मला ते जरा आवडलं, कारण मीही तशीच फिरत होते.

भूक लागली म्हणून मिसळ खाल्ली. काळ्या मसाल्याचा रस्सा, वर पापड, शेजारी दही. एक हात छातीशी धरून खाल्ल्यामुळे व्हायचं ते झालं आणि रस्सा पदरावर सांडला. मिसळ मात्र फर्मास होती, हे मला रागातही कबूल करावं लागलं.

पुडीवरचं दुकान अजून होतं. गादीवर ऐंशीच्या घरातले सराफ. मी टाक दाखवला, पण हातातून सोडला नाही. त्यांनी मान वाकडी करून पाहिला.

“हा माझ्या हातचा. पण बाई, हा तुमच्याकडं कसा? विमलबाईंनी तर हरवला म्हणून सांगितलं होतं. त्यांच्या सासूनं किती थयथयाट केला होता.”

म्हणजे आईने चोरला? विमलबाई कोण, ते सराफांनी सांगितलं. जुनं गिऱ्हाईक, आता इंदिरानगरला मुलाकडे राहतात. ते लगेच फोन फिरवू लागले. पोलिसांना तर नाही ना, म्हणून मी त्यांच्या तोंडाकडेच बघत राहिले. त्यांनी पत्ता लिहून दिला आणि वर चहाही पाजला.

इंदिरानगरच्या एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर सत्तरीच्या, काठापदराच्या सुती साडीतल्या बाईंनी दार उघडलं. “ये बाई. पोरगा-सून कामाला गेलीत. सराफांचा फोन आला व्हता.” पाणी दिलं. मी प्यायले नाही. आधी परीक्षा घ्यायची ठरवून मोबाइलवर भावाच्या लग्नातला फोटो उघडला. अकरा बायका.

“यातली ओळखीची कोणी आहे का, मावशी?”

त्यांनी चष्मासुद्धा लावला नाही. बोट थेट आईवर.

“मंदा.”

आईचं नाव आमच्याकडे शालिनी. लग्नात बदललेलं. माहेरचं मंदा. हे घराबाहेर कोणालाच ठाऊक नव्हतं.

“तिने तुमचा टाक चोरला का?” मी विचारूनच टाकलं.

विमलमावशी हसल्या. “चोरंल कशाला? तिचाच हाय तो. आमच्या मालकांची पहिली बायको ती. लय मारायचे तिला. एक दिस निघून गेली. मग दुसरी पोरगी कोण देणार? सासूनं सांगितलं, मेली. टाक करून माझ्या गळ्यात घातला. सहा वर्सं रोज मंदाताई, मंदाताई म्हणून कुंकू लावलं मी.”

“मग?”

“मनमाड स्टेशनला सासूसंगं गाडीची वाट बघत व्हते. समोर बाकावर एक बाई पोळी खात बसलेली. सासू पांढरीफटक पडली न् तोंडातून निघून गेलं, ‘मंदा!’ मी उठले. जिला मेली म्हणून पुजत व्हते, ती जेवत व्हती माझ्यासमोर! सासू पाणी आणायच्या निमतानं पळाली. मी गळ्यातला टाक काढला, पिशवीत सराफाच्या दुकानातला गुलाबी कागद व्हता, त्यात बांधून तिच्या हातात दिला. म्हणलं, ताई, तू हाय तर हा मी कसा घालू? घरी सांगितलं, हरवला.”

“आई काय म्हणाली?”

“रडली न्हाय. अर्धी पोळी दिली मला. मांडीवर एक पोरगी झोपलेली. तिच्याकडं बघून म्हणली, विमल, कुठं बोलू नको. हिला मेलेल्या बाईची लेक म्हणतील.”

ती पोरगी मी. टाकावरच्या बाईची मुलगी आहे का, हे विचारायला मी आले होते. आहे. तिला मी अठ्ठेचाळीस वर्षं आई म्हणत आले, आणि गाडीत पोट धरून उठायची तेव्हा तिला हसले. मी विमलमावशींसमोर ओक्साबोक्शी रडले. आई गेली त्या दिवशीही अशी रडले नव्हते.

त्यांनी मला रडू दिलं. मग विचारलं, “तेरावा झाला?”

“झाला.”

“मग दे इकडं.” त्यांनी तळहात पुढे केला. “आता मला घालता येतो.”

माझी मूठ आवळली. आईचं इतकं खरं असं माझ्याकडे दुसरं काहीच नव्हतं. पण मी तिला कायम खोट्या नावानेच ओळखत आले होते. ही बाई खरं नाव घेऊन बोलत होती. मी मूठ उघडली. विमलमावशींनी टाक धुतला, हळदकुंकू लावलं, वाटीत दूधभात कालवून पहिला घास त्याच्यापुढे ठेवला. म्हणाल्या, “जेव, मंदाताई.” आणि काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात घातला.

परतीच्या गाडीत नाशिक रोड सुटताना मी मुद्दाम खिडकीत बसून राहिले. परभणीला नवरा घ्यायला आला होता. सगळं ऐकून तो म्हणाला, “चांदीची वस्तू अनोळखी बाईला देऊन आलीस? तू?”

“अनोळखी कुठे,” मी म्हटलं. “माझ्या आईची सवत आहे ती.”