पेटीवरची चादर

ते दर गुरुवारी पॅसेंजरने नांदुऱ्याला यायचे आणि माझ्या ताईला घरी पेटी शिकवायचे. नाव आम्ही कधी विचारलं नाही, मास्तरच म्हणायचो. लहान हातांना भाता आणि सूर एकदम सांभाळता येत नाहीत, म्हणून भाता ते स्वतः हलवायचे. जीव मात्र परतीच्या गाडीत. पाय सारखा हलायचा, नजर घड्याळाकडे जायची.

ताई तापाने गेली. पुढच्या गुरुवारी ते आले, तेव्हा पेटीवर चादर होती.

"आता कोणाले शिकवता, मास्तर? विकून टाकतो पेटी," आई म्हणाली आणि आत गेली.

"बंद ठेवली तं भात्याले कसर लागते, बाई." त्यांनी चादर काढली, भाता धरला आणि माझ्याकडे पाहिलं. ताई जिथून सा धरायची, ती काळी पट्टी मी दाबली.

स्टेशनात शिट्टी झाली. भाता थांबला नाही.

"गाडी गेली न तुमची!" आई आतून म्हणाली.

"जाऊ द्या हो. पोरगं सूर धरून राह्यलं."

आई बाहेर आली. तिने चादरीची घडी घातली आणि कपाटात ठेवली.

आज आईचं कपाट आवरताना ती चादर सापडली. घडी मोडवत नाही. मांडीवर घेऊन बसलो आहे, माझ्या परतीच्या गाडीची वेळ होत आली आहे, आणि पाय सारखा हलतो आहे.